टेप घ्या, फूटपाथ मोजा

फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात पाच मिनिटं उभं राहून बघा. एका अंगाने पुणे-नाशिक महामार्ग, दुसऱ्या अंगाने तळेगाव-शिक्रापूर रस्ता आणि सगळीकडून कंटेनर. त्यांच्या मधल्या फटीतून डब्याची पिशवी छातीशी धरून माणसं पळतात. चालत रस्ता ओलांडणारा तिथे सापडणं कठीण. आणि एखाद्याला गाडीने उडवलं, तर घरचेच म्हणतात, 'त्याचंच लक्ष नव्हतं.'

हे आधी डोक्यातून काढा. रस्ता गाड्यांचा आणि आपण मध्ये आलो, असं कायदा कुठेही म्हणत नाही. झेब्रा पट्ट्यांवर माणूस असेल तर गाडी थांबवून त्याला वाट द्यायची, फूटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर गाडी लावायची नाही, हे 2017 च्या वाहनचालन नियमांत लिहिलेलं आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धड फूटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे घटनेच्या 21 व्या कलमाचा भाग आहे. कोइंबतूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी 2012 साली केलेल्या याचिकेत हा आदेश निघाला. मोडलेली हाडं जोडून जोडून कंटाळले असावेत. त्याच खटल्यात ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यांना सांगण्यात आलं की पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 138(1अ) खाली, आणि रस्त्यांच्या रचनेसाठी 210ड खाली, सहा महिन्यांत नियम करा. आपल्या आमदारांना भेटाल तेव्हा 'रस्ता करा' एवढंच म्हणू नका. 'त्या नियमांचं काय झालं?' असं विचारा.

आता कामाचं. 'फूटपाथ नीट नाही' अशा तक्रारीला उत्तर येतं, 'नोंद घेतली आहे.' म्हणून घरातला टेप घेऊन निघा. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे फूटपाथवर चालायला मोकळी जागा किमान 1.8 मीटर हवी, म्हणजे जवळपास सहा फूट. डोक्यावर 2.2 मीटरपर्यंत फांदी, पाटी काही नको. कडेची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, वीतभरसुद्धा नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला चढता यावं म्हणून हे माप आहे. डीपी, खांब, लावलेल्या मोटारसायकली यांच्यातून उरलेली जागा मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा. 'अमुक दुकानासमोर 70 सेंटिमीटर उरले आहेत' या वाक्याला 'नोंद घेतली' म्हणून भागत नाही. मानकाप्रमाणे रस्ता न केल्यामुळे कोणी मेलं किंवा जायबंदी झालं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 198अ खाली ठेकेदाराला आणि संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, तेही अर्जात लिहा.

एक सांगून ठेवतो. हा टेप घेऊन भाजीवालीच्या अंगावर जाऊ नका. 2014 च्या कायद्याने पथविक्रेत्यांनाही हक्क दिलेला आहे. तिची पाटी दोन फूट अडवते, शेजारची चारचाकी अख्खा फूटपाथ. सुरुवात चारचाकीपासून करा.

पिंपरी-चिंचवडमध्ये अर्ज द्यायला दार एकच, महापालिकेचं: आपलं क्षेत्रीय कार्यालय, किंवा 'सारथी' हेल्पलाइनचा 8888006666. रस्त्यातले अडथळे काढणं हे महापालिकेचं कायद्याने बंधनकारक काम आहे. हे शहर केंद्राच्या सायकल आणि पादचारी रस्त्यांच्या दोन्ही स्पर्धांत देशातल्या निवडक अकरांत आलेलं आहे. बक्षीस घेतलेल्यांना आठवण करून द्यायला लाजायचं कशाला?

चाकणमध्ये मात्र दारांचाच घोळ. महामार्ग एकाकडे, कंपन्यांमधले रस्ते एमआयडीसीकडे, गावठाणातले नगरपरिषदेकडे, कुरुळी-निघोजेकडे ग्रामपंचायत. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एकच अर्ज सगळ्यांना द्या आणि प्रत्येक प्रतीवर बाकीच्यांची नावं लिहा. शक्य असेल तर कंपनीच्या युनियनच्या लेटरहेडवर द्या.

अपघात झालाच तर काय, हे प्रत्येक कामगाराने तोंडपाठ करावं. ईएसआय कापला जात असेल, तर घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघात कामावरचाच धरला जातो. मग तुम्ही पायी असा, सायकलवर असा, नाहीतर वडापमध्ये. फक्त वेळ आणि वाट कामाशी जुळली पाहिजे. कंत्राटी कामगारालाही हे लागू आहे. धाराशिवकडच्या साखर कारखान्याचा एक वॉचमन 2003 मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना कारखान्यापासून पाच किलोमीटरवर गेला. भरपाईच्या कायद्याखाली त्याच्या घरच्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो जुलै 2025 मध्ये. बावीस वर्षं लागली. म्हणून अपघात झाला की कंपनीला लगेच लेखी कळवा, तोंडी नको.

ठोकर मारून पळालेली गाडी सापडली नाही, तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा, चाकणकरांनी राजगुरुनगरला. शहरात खड्ड्यामुळे सायकल घसरून जीव गेला, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2025 च्या निकालाप्रमाणे वारसांना सहा लाख. जखमीला इजेप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख. त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी तो खड्डा बुजवलेला असण्याची शक्यता आपल्याकडे बरीच असते, एरवी कितीही महिने पडून असला तरी.

आणि कुठलाही अर्ज दिलात की प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. साहेब जेवायला गेले असतील तर बसून राहा.