न लिहिलेला कन्स्ट्रक्टर

संगणकास प्रोग्राम लिहून देतांना आपण जें लिहितों त्याची काळजी सर्वच घेतात. जें लिहीत नाहीं त्याची घेणारे थोडे. गेल्या वर्षीं आमच्या एका मित्रानें सरावासाठीं जावा भाषेंत निकालपत्रकाचा प्रोग्राम केला. त्यांत तापामुळें इंग्रजीच्या पेपरास न बसलेल्या एका मुलाची सरासरी ४६ निघाली. गणितांत ७२ व शास्त्रांत ६६ गुण मिळविणाऱ्याची ही गत पाहून आम्ही चकित झालों. इंग्रजीच्या रकान्यांत ० होतें, आणि तें कोणींही लिहिलें नव्हतें!

तें आलें कोठून? जावांत क्लास म्हणजे वस्तूचा आराखडा (शाळेंतील वर्ग नव्हे), फील्ड म्हणजे त्या वस्तूच्या माहितीचे कप्पे, आणि वस्तु घडतांना ते कप्पे भरण्याची सोय म्हणजे कन्स्ट्रक्टर. आमच्या मित्रानें कन्स्ट्रक्टर लिहिलाच नव्हता. अशा वेळीं कंपायलर आपल्या पदरचा एक घालतो. त्यास डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर म्हणतात. तो बिचारा कांहींच मागत नाहीं. घोषणेशेजारीं किंमत लिहिलेली असेल तर ती फील्डमध्यें जाते. नसेल तर भाषेनें आरंभींच ठेवलेली किंमत तशीच राहते: संख्येस ०, खऱ्या-खोट्याच्या कप्प्यास फॉल्स, इतर वस्तूंच्या निर्देशास नल.

कित्येक जाणते या व्यवस्थेची स्तुति करतात. सी प्लस प्लस भाषेंत साध्या संख्येचें फील्ड असें मोकळें सोडलें तर त्यांत काय निघेल याचा नेम नसतो; त्या मानानें शून्य बरें, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. कचरा निदान कधीं कधीं डोळ्यांत भरतो. शून्य सभ्य वेषांत येतें व खऱ्या गुणांच्या पंक्तीस बसतें. शिवाय हीच जावा मेथडमधील स्थानिक चलाला किंमत दिल्यावांचून तें वाचूं देत नाहीं. तेथें एवढी कडक असलेली भाषा फील्डच्या बाबतींत इतकी सैल कां, हें कोडेंच आहे.

म्हणून आमचें मत असें कीं, ज्या माहितीवांचून वस्तूस अर्थ नाहीं ती कन्स्ट्रक्टरनें मागूनच घ्यावी, आणि तीं फील्डें फायनल करावीं, म्हणजे एखादें भरावयाचें राहिल्यास कंपायलरच अडवील. डेटाबेस हाताळणाऱ्या कांहीं साधनांना रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो हें खरें. तेथें तो जाणून-बुजून लिहावा.

आमच्या मित्रानें अखेर नांव, तीन विषयांचे गुण व प्रत्येक पेपराची हजेरी मागणारा कन्स्ट्रक्टर लिहिला. आपला एक कन्स्ट्रक्टर येतांच कंपायलरचा फुकटचा नाहींसा होतो. त्यामुळें जेथें जेथें रिकामा विद्यार्थी घडविला होता तेथें तेथें चूक दाखविली गेली. तो प्रथम वैतागला. मग एकेक ओळ दुरुस्त केली, सरासरी हजर पेपरांचीच काढली, आणि त्या मुलाच्या नांवापुढें ६९ व इंग्रजीच्या रकान्यांत 'गैरहजर' असें उमटलें.