घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? लहानपणी हे कोडे ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. तिन्हींचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. मास्तरांनी ते घातले तेव्हा मला भाकरीचे पटले, पानाचेही पटले. घोड्याचे मात्र नीटसे कळले नाही. घोडा कळायला घोड्यावरून पडावे लागते, आणि तो योग मला पुढे एन. सी. सी.च्या घोडेस्वार तुकडीत आला.

ते कोडे परवा पुन्हा आठवले ते ग्वाल्हेरला. तेथील फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि अश्वारूढ पुतळा आहे. मी उभा होतो तेथेच एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होते की, पुढे नाला आला, घोडा अडला, नाहीतर राणी निसटल्याच असत्या. आणि शेवटी म्हणाले, "घोडा गद्दार निकला." मुलाने पुतळ्याच्या घोड्याकडे असे काही रागाने पाहिले की मला राहवेना. त्या मुक्या जनावराची बाजू मांडावी म्हणून हा लेख.

राणींच्या अखेरच्या क्षणांविषयी सर्व हकिगती सारख्या नाहीत. पण लोकांनी मनात जपलेली हकीगत घटकाभर खरी धरू. घोडा नवा होता, शिंद्यांच्या पागेतला होता, असे तीत सांगतात. आता तारखा पाहा. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ शिंद्यांची फौज मोडली आणि ग्वाल्हेर तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी यांच्या हाती आले. राणी पडल्या १७ जूनला. कोणी १८ म्हणतात. म्हणजे त्या घोड्याची आणि त्यांची ओळख फार तर अडीच आठवड्यांची. राणींची घोड्यांची पारख त्या काळी विख्यात होती, तेव्हा त्यांच्या मांडीत उणे काढण्याचे धाडस कोणी करू नये. पण मांड कितीही पक्की असली तरी विश्वास बसायला दिवस लागतात, आणि ते दिवसच कोणी दिले नव्हते.

घोडा पाण्याला का बुजतो? त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण ऐन कपाळासमोरचे आणि नाकाखालचे दिसत नाही. खोली अजमावायची तर त्याला मान वरखाली करावी लागते. नेमक्या त्याच वेळी घाबरलेला स्वार लगाम खेचतो. म्हणजे आपण त्याचे डोळे बांधायचे आणि वर टाचा मारायच्या! चमकणारे पाणी वीतभर आहे की पुरुषभर, हे त्या बिचाऱ्याने कसे ओळखावे?

मीही हेच केले आहे. एका शिबिरात आमची घोडी चरापाशी हटून उभी राहिली. मला चाबूक वापरायला सांगण्यात आले, मी वापरला. दुसऱ्या दिवशी ती चराच्या पन्नास पावले अलीकडेच थांबली. चराजवळ मार बसतो एवढेच ती शिकली होती. शेवटी म्हातारा मोतद्दार पुढे आला. त्याने वहाणा काढल्या, स्वतः पाण्यात उतरला आणि लगाम सैल धरून नुसता उभा राहिला. पुढे एक बुजुर्ग घोडा घातला. घोडीला मागे वळू दिले नाही, पण पुढेही ओढले नाही. तिने मान खाली घातली, हुंगले, फुरफुरली. पाव तासाने एक पाय ओला झाला. तेवढ्यावर त्याने थोपटून तिला परत नेले. मला तर हसूच आले होते. पाचव्या दिवशी ती माझ्यासकट चर ओलांडून गेली.

अनोळखी घोडा आणि घाईतला स्वार ही जोडी आजही आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये जर्मनीची अॅनिका श्लॉय आघाडीवर होती. त्या खेळात घोडा चिठ्ठीने मिळे आणि ओळखीला वीस मिनिटे. तिच्या वाट्याचा सेंट बॉय हा घोडा आधीच्या स्वाराखाली बिथरलेला होता. तो अडला, ती रडत चाबूक मारीत राहिली, प्रशिक्षक बाईंनी तर कठड्यापलीकडून त्याला ठोसा दिला. त्यांना स्पर्धेतून काढले. पुढे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच गेली. माझ्या मते वीस मिनिटांचा तो नियम गेला असता तर बरे झाले असते. घोडा जायला नको होता.

चंदी थोडी थोडी, अनेक वेळा द्यावी, कारण घोड्याला ओकता येत नाही आणि पोटशूळ त्याचा जीव घेतो. खूर रोज साफ करावेत. हे सर्वांना ठाऊक आहे. पण ग्वाल्हेरच्या जूनमध्ये, जेथे पारा पंचेचाळिसावर जातो, एका समजुतीविषयी बोललेच पाहिजे. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतले की अंग आखडते, असे जुने लोक सांगतात. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी याची कसून तपासणी झाली आणि उलटेच दिसले : भरपूर गार पाणी साऱ्या अंगावर ओतत राहणे हाच त्याला लवकर निववण्याचा मार्ग.

हे मी आमच्या मोतद्दाराला मोठ्या तोऱ्यात सांगितले. तो म्हणाला, "पोरा, आधी तुझ्या अंगावर ओतून बघू." बघितले. मग घोडीवर चार बादल्या ओतल्या, तिने अंग झाडले, आणि तो पाचवी भरायला स्वतःच गेला.