शिव्या मोजण्याआधी

गेल्या वर्षी गणेशोत्सवातल्या सांस्कृतिक कार्यक्रमाची नावं घ्यायला आम्ही तिघं जण बसलो होतो. कुणाचा कोळी डान्स, कुणाची नाटुकली, दोन लावण्या, एक पोवाडा. तेवढ्यात आमच्याच सोसायटीतला अकरावीतला एक पोरगा आला आणि म्हणाला, "काका, मी रॅप म्हणणार. स्वतः लिहिलाय." म्हटलं, म्हण. त्यानं मोबाइलवर बीट लावला आणि अर्धी मराठी, अर्धी अहिराणी अशी धडाधड सुरुवात केली. अर्धं मिनिट झालं नसेल, तोच एक शिवी आली. आईवरून. बाजूच्या खुर्च्यांवर बायका-पोरं बसलेली. मी हात वर केला. "बस. बाप्पासमोर हे चालणार नाही." पोरानं वाद घातला नाही. मोबाइल खिशात टाकला, "बरं काका" म्हणाला आणि निघून गेला. यादीतलं त्याचं नाव मीच खोडलं.

दिवाळीत माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही कापलेला रॅप पूर्ण ऐकलात का?" ऐकला नव्हता. तिनं मोबाइल हातात दिला. दोन मिनिटं आणि काही सेकंदांचा तो रॅप मी त्या रात्री चार वेळा ऐकला.

त्यात एक डाइंग मिल आहे. जेट मशीनची वाफ आहे, पायाखाली सांडलेलं रंगाचं पाणी आहे, बारा तासांची रातपाळी आहे. एक पोरगा बापाचा विसरलेला डबा द्यायला गेटवर जातो आणि ठेकेदार बापाला आईवरून शिवी घालताना ऐकतो. बाप खाली बघतो. पोरगा डबा वॉचमनकडे ठेवून परत फिरतो आणि घरी काहीच सांगत नाही. म्हणजे मी ज्या शिवीसाठी त्याला थांबवलं, ती त्यानं कुणाला दिलेली नव्हती. ती त्याच्या बापाला मिळालेली होती.

मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं, मी इतक्या लवकर हात का वर केला? खरं सांगायचं तर रॅप म्हणजे काय, हे मी रॅप ऐकून शिकलोच नव्हतो. बातम्या बघून शिकलो होतो.

तुम्हाला २०२३ सालचा मार्च-एप्रिल आठवत असेल. पुण्याच्या वस्तीतून आलेला एमसी स्टॅन फेब्रुवारीत 'बिग बॉस' जिंकला होता. मार्चमध्ये इंदूरला त्याचा कार्यक्रम बंद पाडला गेला. आक्षेप होता गाण्यांतल्या शिव्यांना. एप्रिलमध्ये महाराष्ट्रात एकामागोमाग तीन गुन्हे दाखल झाले. पहिला छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर, अंबरनाथला. त्याच्या रॅपचा रोख होता सत्तांतराच्या वेळी विरोधकांनी केलेल्या 'पन्नास खोक्यां'च्या आरोपावर. ते बंड सुरू झालं तेव्हा आमदार आधी आपल्या सुरतेतच येऊन उतरले होते, त्यामुळे इथल्या चहाच्या टपरीवरही ही चर्चा वर्षभर चालू होती. दुसरा गुन्हा मुंबईत वडाळ्याला, उमेश खाडेवर. त्याचं गाणं सामान्य जनतेला कसं नागवलं जातं यावर होतं. तिसरा पुण्यात. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत एका तरुणानं रॅपचं चित्रीकरण केलं. त्यात शिव्या होत्या, दारूची बाटली होती, तलवार आणि पिस्तूल दाखवलं होतं.

आता हे तीन प्रकार एकसारखे आहेत का? पहिल्या दोघांत सत्तेला प्रश्न विचारले होते. तिसऱ्यात विद्येच्या वास्तूत शस्त्रांचं प्रदर्शन होतं, आणि त्यावर विद्यापीठानं हरकत घेतली तर ते समजण्यासारखं आहे. पण माझ्या मोबाइलवर ही तिन्ही प्रकरणं एकाच आठवड्यात, एकाच सुरात फॉरवर्ड होऊन आली: रॅपर पोरं बिघडली, भाषा बिघडली, संस्कृती बुडाली. कोण कशाबद्दल बोललं, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, वर अंगठा दाखवून पुढे पाठवलं. तोच अंगठा गणपतीच्या वेळी हात होऊन वर आला.

ही गोष्ट नवी नाही आणि आपल्यापुरतीही नाही. हिपहॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, १९७३ सालच्या ऑगस्टमधल्या एका घरगुती पार्टीतला, असं मानतात. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते देशभर पसरलं आणि मोठ्या वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून ओरड सुरू झाली की ही पोरं हिंसा पसरवतात. त्यावर 'पब्लिक एनिमी' या गटानं १९८८ मध्ये चक्क एक गाणं काढलं, टीकाकारांनाच उत्तर देणारं. त्यांचा म्होरक्या चक डी रॅपची तुलना सीएनएनशी करायचा. आमच्या वस्तीत काय चाललंय हे तुमच्या वाहिन्या दाखवत नाहीत, म्हणून आमची बातमी आम्हीच देतो, असा त्याचा मुद्दा.

आपल्याकडेही हे उत्तर दिलं गेलंय. मुंबईच्या 'स्वदेशी' गटानं २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं आणलं, आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं रातोरात कापली गेली. याच गटात धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, गुजरातीत रॅप करायचा. आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं की मुंबईच्या चाळीतला एक पोरगा आपल्या शेजारभाषेत इतकं टोकदार लिहितो? २०२२ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा कुठे त्याचं नाव बातम्यांत आलं. अमरावतीचा 'हंड्रेड आरबीएच' वऱ्हाडी बोलीत लिहितो. महादेव कोळी समाजातली माही जी, म्हणजे मधुरा घाणे, आदिवासींच्या जगण्यावर आणि जंगलावर रॅप करते. यांच्यावर किती चर्चासत्रं झाली? शिवीची बातमी होते, जंगलाची होत नाही.

मग टीका करायचीच नाही का? करायची. पण कशी, याचा एक धडा आपल्याच साहित्यात पडून आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. मुंबईच्या वेश्यावस्तीची, हमालांची, गुंडांची भाषा जशीच्या तशी कवितेत. मराठी वाचक हादरला. या संग्रहाला प्रस्तावना लिहायची होती विजय तेंडुलकरांना. तेंडुलकर तेव्हा नावाजलेले नाटककार, ढसाळ पंचविशीही न ओलांडलेले. तेंडुलकरांनी काय केलं? मला यातले कितीतरी शब्द कळत नाहीत, हे आधी कबूल केलं. त्या शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारले. आणि मग त्यांच्याबरोबर ती वस्ती रात्री पायी फिरून पाहिली. त्यानंतर लिहिलं. ही प्रस्तावना मी कॉलेजात वाचली होती, तिच्यावर परीक्षेत पाच मार्कांचं उत्तरही लिहिलं होतं. पण माझ्यासमोर एक पोरगा उभा राहिला तेव्हा एका शब्दाचा अर्थ विचारायला मला सुचलं नाही. कडोदऱ्याच्या चार रस्त्यावरून ती मिल तर दहा मिनिटांवर आहे.

आता दुसरी बाजू, कारण हे सदर वाचणारे बहुतेक जण तरुण आहेत आणि नुसतं कौतुक करून मी तुमच्याशी खोटं वागेन. हिपहॉपची बाजू घेणारे बऱ्याचदा एकच वाक्य पुढे करतात: आम्ही वास्तव दाखवतो. पण बाईला वस्तू म्हणून नाचवणं, पोरींच्या नावानं शिव्या घालून टाळ्या मिळवणं, हातात पिस्तूल धरून रुबाब करणं, यात कुणाचं वास्तव आहे? आपल्या किती जणांच्या घरात पिस्तूल आहे?

अमेरिकेत अटलांटामध्ये स्पेलमन नावाचं मुलींचं कॉलेज आहे, बहुसंख्य विद्यार्थिनी कृष्णवर्णीय. २००४ मध्ये प्रसिद्ध रॅपर नेलीच्या संस्थेतर्फे तिथे अस्थिमज्जा दानासाठी नोंदणी शिबिर ठरलं. त्याच्या बहिणीला रक्ताचा कर्करोग होता, काम पुण्याचंच. पण त्याच्या एका व्हिडिओत बायकांना अत्यंत घाणेरड्या पद्धतीनं दाखवलं होतं. मुली म्हणाल्या, शिबिर होऊ दे, आमचा पाठिंबा आहे, पण आधी आमच्यासमोर बस आणि त्या व्हिडिओबद्दल बोल. चर्चा झाली नाही, नेलीच्या संस्थेनं तिथलं शिबिरच रद्द केलं. दोन्हीकडून हळहळ झाली. पण या प्रसंगातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रश्न विचारणाऱ्या मुली रॅपच्या शत्रू नव्हत्या. त्याच गाण्यांवर वाढलेल्या होत्या. बाहेरच्या टीव्हीवाल्यानं शिव्या मोजल्या तर कलाकार म्हणतो, तुम्हाला आमचं काही कळत नाही. घरातल्या मुलीनं विचारलं की त्याला ते म्हणता येत नाही. म्हणून माझं तुम्हाला सांगणं आहे, ही टीका आमच्यासारख्या काकांवर सोडू नका. तुम्हाला बीट कळतो, यमक कळतं, कोण मनापासून लिहितो आणि कोण उसनं आणतो तेही कळतं. तुम्हीच विचारा.

आणि त्या पोराचं काय झालं? दिवाळीनंतर मी त्याच्या घरी गेलो. माफी मागायची होती. त्याचे वडील घरी होते, दिवसपाळी चालू होती. चहा झाला. मी म्हणालो, "तुमच्या पोरानं फार चांगलं लिहिलंय, मी चुकलो." ते गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, लिहिलं चांगलं. पण ती गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती. हिला ती मोबाइलवरून कळली." स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज यायचा थांबला होता. पोरगा खाली मान घालून बसला होता, अगदी त्यानं रॅपमध्ये बापाबद्दल लिहिलंय तसाच.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवी ऐकून नाव कापणारा मी चुकलो होतो, हे पक्कं. पण खरं सांगणारा पोरगाही कुणाचं तरी झाकलेलं उघडं करून बसला होता. वास्तव मांडताना ते कुणाचं आहे आणि त्या माणसाला विचारलं का, हा प्रश्न कुठल्याही पोलिस ठाण्यात किंवा टीव्हीवरच्या चर्चेत सुटणार नाही. तो त्या दोन खोल्यांतच सुटू शकतो. पोरानं त्याच रात्री तो व्हिडिओ काढून टाकला. बापानं काढायला सांगितलं नव्हतं.

परवा तो मला जिन्यात भेटला. नवीन लिहितोय म्हणाला. यंदाच्या यादीसाठी या रविवारी बैठक आहे. मी म्हटलं, "ये. पूर्ण ऐकू. शब्द अडला तर मी विचारीन." तो म्हणाला, "काका, आधी पप्पांना ऐकवलंय. त्यांनी दोन ठिकाणी बदल सांगितलाय." "शिवी काढायला सांगितली?" "नाही," तो म्हणाला, "मशीनचं नाव चुकलं होतं. जेट नाही, स्टेंटर म्हणाले."

तुमच्या घरात कुणी असं लिहीत असेल, तर पुढच्या अंकासाठी आम्हाला कळवा. ध्वनिफीत पाठवली तरी चालेल. शेवटपर्यंत ऐकू, एवढं वचन देतो.