पेन्शन बँकेत, माणूस खाटेवर

"डॉक्टरसाहेब, बाबांचं डोकं चालत नाही, असं लिहून द्या जी. मग पेन्शन माझ्या हातात देतील."

भिवापूरच्या रुग्णालयात अशी विनंती घेऊन येणारा मुलगा बहुधा लबाड नसतो. निवृत्त वडिलांना लकवा झालेला असतो. औषधे, डायपर, मालिशवाला असा खर्च रोज सुरू असतो आणि ज्या पेन्शनमधून तो भागायचा, ते खात्यात पडून असते. बँक सही मागते आणि वडिलांचा उजवा हात उचलत नाही.

तरीही मी असे सरसकट लिहून देत नाही. वाचा गेली म्हणजे समज गेली असे नव्हे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की उजवे अंग आणि अनेकदा बोलणेही जाते, पण समज बरीच शिल्लक असू शकते. अशाच एका निवृत्त गृहस्थांना मी विचारले, "तुमचं पेन्शन कोणी आणावं?" त्यांनी चालत्या डाव्या हाताने बोट दाखवले, तेही मुलाकडे नव्हे, कोपऱ्यात बसलेल्या बायकोकडे. लघवीच्या संसर्गाने किंवा रक्तातील सोडियम उतरल्याने बरळणारी म्हातारी माणसे तर उपचारांनंतर पुष्कळदा भानावर येतात. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला नातवाचे नाव विसरणाऱ्यालाही आपला पैसा कोणाच्या हाती सुरक्षित आहे, हे कळत असते. म्हणून समज आहे की नाही, हे त्या निर्णयापुरते आणि त्या वेळेपुरते तपासावे लागते. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो की, सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याशिवाय केवळ आजाराच्या निदानावरून कोणाला विकल मनाचा मानता येत नाही. माझा दाखला प्रकृती सांगतो; तो कोणाची नेमणूक करत नाही.

समज शाबूत असेल तर वाट आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सही न करू शकणाऱ्या आजारी पेन्शनरचा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तो दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घ्यायचा आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. ठसाही जमत नसेल तर नुसती खूण चालते. पैसे कोण काढून नेईल, हे पेन्शनरने सांगायचे. सत्तरीपुढच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना 2017 पासून आहेत. हे लेखी अर्ज देऊन मागा.

खरी अडचण समज पूर्ण गेल्यावर येते. लोक म्हणतात, "मुखत्यारपत्र आहे ना!" पण 1872 च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी विकल झाली की ते संपते. म्हणजे जेव्हा सर्वाधिक गरज, तेव्हाच तो कागद निरुपयोगी. वारसनोंद कामी येते ती मृत्यूनंतर. मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता. पैशावर त्याचा अधिकार नाही. 1987 च्या जुन्या कायद्यात जिल्हा न्यायालय अशा रुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकत असे. नव्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. त्यामुळे अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागले. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमले. निर्णय दिलासा देणारा. पण महिन्याच्या पेन्शनसाठी भिवापूरच्या बाईने वकील लावून नागपूरला खेटे घालायचे काय?

मग लोक आपली वाट काढतात: एटीएम कार्ड आणि घरात सगळ्यांना ठाऊक असलेला पिन. बहुतेक घरांत तो पैसा त्या माणसावरच खर्च होतो. पण पेन्शन पहिल्या आठवड्यातच निघते आणि पाठीवरच्या जखमांना मलमपट्टी मिळत नाही, असे रुग्णही मी तपासले आहेत. त्यांच्या वतीने हिशेब विचारणारे कोणी नसते.

म्हणून दोन गोष्टी हव्यात. पहिली, समज गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र. इंग्लंडने 2005 च्या कायद्याने ते दिले. दुसरी, पेन्शनपुरता काळजीवाहक तालुक्यातच नेमण्याची सोपी पद्धत. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचे कार्यालयच असा माणूस नेमते आणि पैसा लाभार्थ्याच्याच गरजांवर खर्च करण्याचे बंधन घालते. आपल्याकडे तहसीलदाराने डॉक्टरचा अहवाल पाहून, शक्य तितके रुग्णाला विचारून नेमणूक करावी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावाच लागतो. त्यासोबत वर्षाचा एक पानी हिशेबही घ्यावा. घरच्यांची पायपीट वाचेल आणि रुग्णावर कोणाची तरी नजर राहील.

कायदा होईल तेव्हा होईल. हात-डोके चालते आहे तोवर पेन्शनचे खाते जोडीदारासोबत संयुक्त करून घ्या. केंद्राच्या निवृत्तांना ती सोय आहे. राज्याच्या निवृत्तांनी बँकेत किंवा कोषागारात विचारावे. पेन्शनचा आदेश आणि पासबुक कुठे ठेवले, ते घरात सांगा. आणि आजारपणात पैसा कोणी हाताळावा, हे मुलांसमोर एकदा स्पष्ट बोलून ठेवा. खाटेवर पडल्यावर बोट दाखवायला हात चालेलच, याचा भरवसा कोणताही डॉक्टर देणार नाही.