सात विरुद्ध दोन

परवा मित्र म्हणाला, आपल्याकडे ज्युरी परत आणायला हवी. मला एकदम टिळकांचा १९०८ चा खटला आठवला. नऊ जणांची ज्युरी, त्यात सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख 'केसरी'तले, मराठी. ज्युरीपुढे ठेवलं इंग्रजी भाषांतर. एकेका शब्दाच्या अर्थावरून टिळक भांडले. निकाल ७ विरुद्ध २, दोषी. 'निर्दोष' म्हणणारे ते दोघे कोण, हे सांगायला नकोच. शिक्षा सहा वर्षं. १८९७ सालीही हेच झालं होतं, ६ विरुद्ध ३.

म्हणजे ज्युरी वाईटच का? माझं तसं मत नाही. तिथे बसवलं कोणाला, हा खरा प्रश्न आहे. १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्युरी आपल्याच माणसांची होती, पण बाहेर 'ब्लिट्झ'ने रान उठवलेलं. ८ विरुद्ध १, निर्दोष! तो निकाल पुढे उच्च न्यायालयाने फिरवला. (त्यामुळेच ज्युरी गेली म्हणतात, पण विधी आयोगाने १९५८ मध्येच तशी शिफारस केली होती.)

असो. मला ते दोन पारशीच आठवत राहतात. शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावरही पारशीच, आणि १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते तेच.