खोकल्याचे निदान

२०२५ साल संपेपर्यंत भारतातून क्षयरोगाचे उच्चाटन करावयाचे, अशी घोषणा मार्च २०१८ मध्ये पंतप्रधानांनी दिल्लीत केली होती. जगाने स्वतःसाठी २०३० ही मुदत ठरविली असता आपण पाच वर्षे आधीच मुक्कामाला पोहोचणार होतो. ते साल उलटले, रोग मात्र राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार आपल्या देशात २०१५ मध्ये दर लाखामागे २३७ जणांस नव्याने क्षय होत असे; २०२४ मध्ये तो आकडा १८७ वर आला. एकवीस टक्क्यांची ही घट जगाच्या सरासरीहून चांगली आहे आणि तिचे श्रेय ज्यांचे त्यांस दिलेच पाहिजे. तथापि उच्चाटन या शब्दापासून ती फार दूर आहे. ही मजल कोठे अडते, हे पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईहून लोकलगाडीने आसनगावला उतरले की शहापूर आणि त्याला लागून मुरबाड. या दोन तालुक्यांत खोकणाऱ्या माणसाचे पुढे काय होते, एवढेच पाहावे.

डोळखांब किंवा टोकावडे यांच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरील मजूर पंधरा दिवस खोकतो. प्रथम तो खोकला त्याला खोकला वाटतच नाही. मग जवळच्या खाजगी दवाखान्यात एक सुई, एक बाटली व चार गोळ्या मिळतात. थोडा उतार पडतो, पुन्हा ढास लागते, पुन्हा सुई. अखेर कोणीतरी सांगते म्हणून तो सरकारी दवाखान्यात जातो, तेव्हा दोन-तीन महिने गेलेले असतात आणि तेवढ्या अवधीत त्याच्या झोपडीतील मुलेही त्याच हवेत झोपलेली असतात. ही काही या तालुक्यांचीच कहाणी नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेही गेले नव्हते, असे आढळले. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली: छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. याचा अर्थ, केवळ ‘खोकला आहे काय?’ असे विचारून भागत नाही.

खोकला हे लक्षण आहे, रोग नव्हे. क्षय, दमा, न्यूमोनिया, धुराने झिजलेली फुप्फुसे, दगडखाणीतील धुळीने होणारा सिलिकोसिस हे सारे खोकल्याच्याच रूपाने दारात येतात. सिलिकोसिसची छाया तर एक्स-रेवर क्षयासारखी दिसून चांगल्या चांगल्या डॉक्टरांनाही चकवते. क्षय ओळखावयास थुंकी तपासावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसावयास एका मिलिलिटर थुंकीत ते हजारोंच्या संख्येने असावे लागतात. प्रारंभीच्या रुग्णात ते तितके नसतात. या अडचणीवर उत्तर निघाले आहे आणि तेही आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्राच्या रूपाने. ते बॅटरीवर चालते, जंतूचा अंश ओळखते, रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला तो दाद देईल की नाही हेही त्यावर तपासता येते, आणि सारे काम काही तासांत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्यास मान्यता दिली. तेव्हा विद्या नाही, असे कोणी म्हणू नये. प्रश्न आहे तो थुंकीची डबी पाड्यावरून यंत्रापर्यंत आणि निकाल यंत्रावरून पाड्यापर्यंत जाण्याचा.

क्षयाच्या बाबतीत निदान यंत्रणा तरी उभी आहे. बाकीच्या श्वासरोगांना ती कोण देणार? जन्मात विडीला हात न लावलेली चाळिशी-पन्नाशीतली बाई चढण चढताना धापा टाकते, ती चुलीच्या धुराने. तिच्या रोगास डॉक्टर सीओपीडी म्हणतात. घरची माणसे ‘दमा आहे’ म्हणून सोडून देतात. २०१६ मध्ये श्वसनाच्या जुनाट विकारांचा जगातील ३२ टक्के भार एकट्या भारतावर होता, लोकसंख्या मात्र १८ टक्के. दमा आणि सीओपीडी यांतला भेद ओळखावयाचा तर रुग्णास नळीत जोराने फुंकावयास लावून पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा मोजतात, श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध हुंगावयास देऊन पाव तासाने पुन्हा मोजतात. फरक चांगला पडला तर बहुधा दमा; अडथळा कायम राहिला तर सीओपीडी. स्पायरोमेट्री नावाची ही चाचणी हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली जगापुढे मांडली. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात ते यंत्र सहसा आढळत नाही, आणि रक्तदाब मात्र सर्वत्र मोजला जातो!

प्रस्तुत लेखकाने वर्तमानपत्रात येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत शिकविले. मागच्या बाकावर सतत खोकणारा एक मुलगा होता. तो कविता म्हणावयाच्या वेळीच खोकतो, म्हणून त्यास आम्ही वर्गाबाहेर उभे केले होते. पुढे कळले की त्यास दमा होता. निदान न करता शिक्षा देणे ही केवळ मास्तरांची खोड नाही.

लहान मुलांच्या न्यूमोनियात दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. येथे डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत केलेल्या कामाचे स्मरण झाल्यावाचून राहात नाही. गावातील आरोग्यसेवक व निरक्षर सुइणी यांना त्यांनी बाळाचे श्वास मोजावयास शिकविले. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे साधन केले. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, वर्षाच्या आतील बाळाचे ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० झाले की न्यूमोनियाचा संशय धरावयाचा. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या भागात हे काम झाले तेथे वर्षभरानंतर पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू हजारी ८.१ होते, शेजारच्या भागात १७.५. केंद्र सरकारची ‘सांस’ मोहीम २०१९ मध्ये निघाली. मधली एकोणतीस वर्षे कोठे गेली?

‘तज्ज्ञ खेड्यात यावयास तयार नाहीत’ हे उत्तर म्हणूनच आम्हांस पटत नाही. श्वास मोजावयास, थुंकी घ्यावयास, नळीत फुंकवून घ्यावयास छातीच्या तज्ज्ञाची गरज नसते. शिकविलेली परिचारिका पुरते. तज्ज्ञ लागतो तो अवघड रुग्णापुरता, आणि त्याचे मत आता दूरध्वनीवरही मिळते. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय व मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. तेथे स्पायरोमेट्रीची सोय सदैव चालू ठेवावी, एक्स-रेचे हातात धरावयाचे यंत्र पाड्यांवर फिरवावे, आणि डबी नेणाऱ्या माणसास वेळच्या वेळी भाडे द्यावे. शेवटची मागणी क्षुल्लक वाटेल. पण डबी पडून राहते ती बहुधा याच कारणाने. आज कल्याण, उल्हासनगर किंवा ठाण्याला जाण्याने मजुराचा रोज बुडतो, सोबतीच्याचाही बुडतो. म्हणून तो जात नाही. मुंबईचे पाणी ज्या तानसा व भातसा धरणांतून येते, ती शहापूर तालुक्यातच आहेत. ते पाणी दररोज, न चुकता, नळाने आमच्या घरी पोहोचते.

दिवाळी झाली की येथील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सहा महिन्यांचा क्षयाचा उपचार आणि भट्टीचा हंगाम जवळजवळ तेवढाच लांब असतो. तेव्हा तपासणी व्हावयाची ती भातकापणीपूर्वी, पाड्यावरच व्हावी. आणि ज्याच्या थुंकीत जंतू सापडतील त्याचे नाव, तो ज्या भट्टीवर जाणार तेथील आरोग्य केंद्राला तो निघण्याआधी कळवावे.