ऑफर ८२ हजार, रुजू झाले पावणेनऊ हजार! पीएम इंटर्नशिपचं गणित बावड्याच्या पोरांसाठी कुठे अडतं?

बावडा (ता. इंदापूर) : मोठ्या कंपनीत वर्षभर काम शिकायचं, महिन्याला पाच हजार रुपये मिळणार, शेवटी प्रमाणपत्रही मिळणार. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा हा मेसेज गावागावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला आणि अनेक पोरापोरींनी मोबाईलवरूनच फॉर्म भरले. पण देशभरातले आकडे पाहिले तर वेगळंच चित्र दिसतं. फॉर्म भरणारे लाखांत आहेत, प्रत्यक्ष कंपनीच्या गेटातून आत गेलेले मात्र काही हजारच. हे असं का झालं आणि बावडा, इंदापूर, बारामती भागातल्या तरुणांनी अर्ज करण्याआधी काय बघावं, याचा हा हिशोब.

योजना नेमकी काय?

२३ जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ही घोषणा केली. पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्यांत इंटर्नशिप द्यायची, असं उद्दिष्ट ठेवलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला कंपनी व्यवहार मंत्रालयाने प्रायोगिक टप्पा सुरू केला आणि पहिल्या वर्षासाठी सव्वा लाख जागांचं लक्ष्य धरलं.

पहिल्या दोन फेऱ्यांतले नियम असे होते. वय २१ ते २४. शिक्षण दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा किंवा बीए, बीकॉम, बीएस्सी, बीसीए, बीबीए, बीफार्मसारखी पदवी. मुदत १२ महिने, त्यातला निम्मा काळ तरी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. दरमहा ५,००० रुपये. त्यातले ५०० कंपनी देणार आणि ४,५०० सरकार थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात टाकणार. रुजू झाल्यावर एकदाच ६,००० रुपये. शिवाय सरकारी विमा.

आकडे काय सांगतात?

पहिल्या फेरीत कंपन्यांनी १ लाख २७ हजार जागा दाखवल्या. १ लाख ८१ हजार उमेदवारांनी मिळून ६ लाख २१ हजार अर्ज केले. कंपन्यांनी ८२ हजारांवर ऑफर दिल्या. त्यातल्या २८ हजार पोरांनी होकार दिला आणि शेवटी रुजू झाले सुमारे ८,७००. म्हणजे दहा ऑफरमागे एकच जण कामावर हजर झाला.

२०२५ च्या सुरुवातीला दुसरी फेरी झाली. ३०० हून जास्त कंपन्या आल्या, पुन्हा ८० हजारांवर ऑफर निघाल्या, पण होकार देणारे २४ हजारांच्या आसपासच राहिले. पैशाचंही तसंच झालं. २०२४-२५ साठी २,००० कोटींची तरतूद होती, ती सुधारित अंदाजात ३८० कोटींवर आली.

पोरांना काम नको आहे, असा याचा अर्थ लावणं सोपं आहे. पण काम नको असतं तर सहा लाख अर्ज आले नसते. अडचण अर्जानंतर येते. संसदेत दिलेल्या उत्तरात सरकारनेही दोन कारणं मान्य केली. कामाचं ठिकाण घरापासून लांब पडतं आणि वर्षभराची मुदत जास्त वाटते. उमेदवार पाच-दहा किलोमीटरपलीकडे जायला तयार नसतात, असं सरकारचं निरीक्षण होतं.

बावड्याहून अंतर किती?

बावड्यापासून इंदापूर आणि अकलूज जवळ आहेत. पण मोठ्या कंपन्या तिथे नाहीत. भारत फोर्ज, पियाजिओसारख्या कंपन्यांचे कारखाने असलेली बारामती एमआयडीसी रस्त्याने पन्नास किलोमीटरच्या पुढे आहे. पुणे दीडशे किलोमीटरच्या पुढे आणि चाकण, रांजणगावही रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नाही. म्हणजे इथल्या पोराला पाच-दहा किलोमीटरवर जागा मिळणं जवळपास अशक्यच.

मग राहायचं तिकडेच. पहिल्या दोन फेऱ्यांतल्या पाच हजारांत खोलीचं भाडं, मेस, रोजचा बसप्रवास आणि मोबाईलचा रिचार्ज बसवायचा होता. चौघांनी मिळून खोली घेतली तरी चाकण किंवा पुण्यात हे गणित बसवताना घरून पैसे मागवावेच लागतात. त्या फेऱ्यांतली वर्षाची एकूण रक्कम बघा. ६० हजार स्टायपेंड आणि सुरुवातीचे ६ हजार, असे ६६ हजार. महिन्याला २५ दिवस काम धरलं तर दिवसाला २०० रुपये स्टायपेंड पडत होता. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. इंटर्नशिप म्हणजे मजुरी नव्हे, ते शिकणं आहे, हे खरं. पण शिकायलाही जेवण आणि छप्पर लागतंच.

ज्याच्या घरी दोन-तीन एकर ऊस आहे आणि बापाच्या हाताखाली दुसरं कोणी नाही, त्याला वर्षभर बाहेर राहणं आणखी जड जातं. मुलींच्या बाबतीत तर राहण्याची सुरक्षित सोय कळल्याशिवाय घरचे हो म्हणत नाहीत. योजनेत वसतिगृहाची हमी नाही. ऑफर येते, घरात दोन दिवस चर्चा होते आणि तिथेच विषय संपतो.

जवळचे कारखाने यादीत का नाहीत?

इंदापूर तालुक्यात शहाजीनगरचा नीरा-भीमा आणि बिजवडीचा कर्मयोगी असे सहकारी साखर कारखाने आहेत. गावातल्या पोराला काम शिकायला याहून जवळची मोठी जागा नाही. पण योजनेतल्या ५०० कंपन्या निवडल्या गेल्या त्या सामाजिक दायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या, मागच्या तीन वर्षांतल्या सरासरी खर्चावरून. सीएसआरचं बंधन कंपनी कायद्यातलं. सहकारी कारखाने सहकार कायद्याखाली नोंदलेले, त्यामुळे ते या मोजणीत धरलेच जात नाहीत. दिल्लीत बसून केलेल्या यादीत ग्रामीण भागातला सगळ्यात जवळचा उद्योग असा बाहेर राहिला.

आयटीआयवाल्या पोरांना इथे दुसरा रस्ता आहे, तो अॅप्रेंटिसशिपचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर झालेल्याने आधी जवळच्या कारखान्यात ही चौकशी करावी.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनाही जुलै २०२४ पासून आली. त्यात बारावी पासला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरले. मुदत आधी सहा महिने होती, नंतर आणखी पाच महिने वाढवली. जागा तालुक्यात किंवा गावाजवळच्या कार्यालयात मिळत असल्याने अनेकांना ती परवडली. पण मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिथेही सुटला नाही आणि प्रशिक्षणार्थींना कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलनं करावी लागली.

एक दार उघडताना दुसरं बंद होतं

ही गोष्ट फॉर्म भरून देणारा सहसा सांगत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांच्या नियमांनुसार, ज्याने राष्ट्रीय योजनेखाली अॅप्रेंटिसशिप पूर्ण केली आहे त्याला पीएम इंटर्नशिप मिळत नव्हती. केंद्र किंवा राज्याच्या दुसऱ्या प्रशिक्षण योजनेत सध्या असलेल्यालाही नाही. म्हणून आधी काय करायचं ते ठरवूनच अर्ज करावा.

त्या फेऱ्यांत आणखी काही अटींवर अर्ज अडत होता. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या वर नको होतं. आई, वडील, नवरा किंवा बायको कायम सरकारी नोकरीत असेल तर चालत नव्हतं. म्हणजे झेडपी शिक्षकाचा किंवा तलाठ्याचा मुलगा बाहेर, पण कंत्राटी कर्मचाऱ्याचा मुलगा अर्ज करू शकत होता. नियमित कॉलेजात शिकणाऱ्याला परवानगी नव्हती. मुक्त विद्यापीठातून किंवा ऑनलाईन शिकणाऱ्याला मात्र होती.

अर्ज करताना हे बघाच

१. आधी ठिकाण, मग कंपनी. दुसऱ्या फेरीपासून पोर्टलवर आपल्या पत्त्यापासून किती अंतरात जागा हव्यात ते निवडता येतं. अर्जांची संख्या मर्यादित असते. पहिल्या फेरीत पाच होती, दुसऱ्या फेरीत तीन. नाव मोठं बघून गुजरात किंवा चेन्नईची जागा भरली आणि नंतर नाही म्हटलं, तर ती संधी वाया जाते.

२. काम काय आहे ते वाचा. एकाच कंपनीत दुकानातली विक्री, गोदाम, कार्यालय आणि मशीनवरचं काम अशा वेगवेगळ्या जागा असतात. पुढे जे करायचंय त्याच्याशी जुळणारीच घ्या.

३. होकार देण्याआधी कंपनीला विचारा. राहण्याची, जेवणाची, बसची सोय आहे का? काही कंपन्या ठरलेल्या रकमेवर स्वतःहून जास्त देऊ शकतात, नियम त्याला आडवा येत नाही.

४. आधारला मोबाईल नंबर आणि बँक खातं जोडलेलं असू द्या. हजेरी बघून कंपनी आपला वाटा देते, त्यानंतर सरकारचा वाटा येतो. हजेरी कच्ची तर पैसे अडकतात.

५. नोंदणीला फी नाही. सेवा केंद्रवाला टायपिंगचे पैसे घेईल, पण ‘डिपॉझिट भरा, सीट पक्की करतो’ असं कोणी म्हटलं तर तो फसवतोय हे नक्की.

६. इंटर्नशिपनंतर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. मिळालीच तर चांगलं, पण तिच्या भरवशावर कर्ज काढू नका.

वय, रक्कम आणि अटी फेरीनुसार बदलू शकतात. त्यामुळे जुन्या मेसेजवर विसंबू नका, अर्जाच्या दिवशी अधिकृत पोर्टल किंवा अॅपवरचे नियम वाचा.

गावाने काय करावं?

स्टायपेंडची रक्कम ठरवणं गावाच्या हातात नाही. पण कोणत्या कंपनीत कुणाला ऑफर आली याची यादी ग्रामपंचायतीला किंवा कॉलेजला नक्की ठेवता येईल. एकाच गावचे तिघे-चौघे एकाच भागात जाणार असतील, तर खोली, मेस आणि प्रवास सगळंच स्वस्त पडतं आणि घरच्यांचा जीवही टांगणीला राहत नाही. तालुक्याच्या लोकप्रतिनिधींनी दोन मागण्या लावून धरायला हव्यात. घरापासून लांब जाणाऱ्याला राहण्याचा वेगळा भत्ता मिळावा आणि सहकारी कारखाने, दूध संघ यांनाही योजनेत जागा द्यायची मुभा मिळावी. नीरेकाठच्या पोराला शिकायची संधी शहाजीनगरला किंवा बारामतीत मिळाली, तर ऑफर नाकारायचं मोठं कारणच उरणार नाही.